गरम इंजिन लवकर सुरू होत नाही, कोड कूलंट सेन्सरचा. बदलू का?

वळणवाट:
मंडळी, सल्ला हवाय. गाडी पेट्रोलची. सकाळी थंड असताना चावी फिरवली की लगेच सुरू होते. पण थोडं फिरून बंद केली आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत सुरू करायला गेलं, की कधीकधी बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो. मग खोकत खोकत सुरू होते आणि मागून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. रेडिएटरचा पंखाही मधूनच कारण नसताना जोरात फिरत सुटतो. चेक इंजिनचा दिवा लागलाय, कोड पी०११८, म्हणजे कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा. एक मेकॅनिक म्हणतो सेन्सर बदला, दुसरा म्हणतो थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारी कूलंटची वाट उघडणारी झडप) गेलाय. डॅशबोर्डवरचा काटा मात्र मध्यावर शहाण्यासारखा उभा असतो. माझ्याकडे मल्टिमीटर आणि ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीचे कोड आणि आकडे फोनवर दाखवणारा) आहे. पैसे घालण्याआधी स्वतः काय तपासू?

मोकळीपिन:
सेन्सर लगेच घेऊ नका. पी०११८ चा अर्थ ‘सेन्सर खराब’ असा नाही. सेन्सरच्या सर्किटवर व्होल्टेज असायला हवं त्यापेक्षा जास्त येतंय, एवढंच ईसीयू (इंजिनचा संगणक) सांगतोय. तुटलेली वायर, ढिला कनेक्टर, हिरवी पडलेली पिन, या सगळ्यांना हाच कोड येतो.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. हा सेन्सर म्हणजे तापमान वाढलं की रोध कमी होणारा थर्मिस्टर. ईसीयू त्याला आतल्या एका रेझिस्टरमधून ५ व्होल्ट देतो आणि किती व्होल्टेज उरलं यावरून तापमान ठरवतो. थंड इंजिनला व्होल्टेज जास्त, गरम इंजिनला कमी. वायरच तुटली तर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि ईसीयूला वाटतं, कूलंट उणे ४० अंशाला आहे! मग तो त्या थंडीला साजेसं पेट्रोल गरम इंजिनमध्ये ओततो. तुमचा वास आणि खोकला तिथून आलाय. सिग्नलवर भरवसा राहिला नाही की इंजिन तापू नये म्हणून बऱ्याच गाड्या पंखाही सरळ चालू करून टाकतात.

टॉपगिअर_नाना:
एवढा खटाटोप कशाला? थर्मोस्टॅट काढून टाका, कटकट मिटेल. आमच्या जुन्या गाडीला कित्येक वर्षं नव्हता.

मोकळीपिन:
नाना, माफ करा, पण हा सल्ला कुणी ऐकू नये. थर्मोस्टॅट नसला की इंजिन वेळेत तापत नाही, मिश्रण पेट्रोलने जड राहतं, ॲव्हरेज पडतं, आणि आजच्या गाड्यांत पी०१२८ नावाचा आणखी एक कोड पदरात पडतो. शिवाय थर्मोस्टॅट उघडा अडकला तर तापमान हळूहळू चढतं आणि मोकळ्या रस्त्यावर वेगात परत उतरतं. त्याने पी०११८ येत नाही.

दुपारचाचहा:
काट्यावर जाऊ नका. काही गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा असतो. जिथे एकच असतो तिथेही काटा मुद्दाम मंद ठेवलेला असतो, क्षणभराचा झटका तो दाखवतच नाही.

डोंगल लावून सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, फक्त इग्निशन चालू करा. कूलंट आणि आत येणारी हवा, दोन्हींची तापमानं जवळजवळ सारखी हवीत. मग गाडी सुरू करून आलेख बघत बसा. रेषा सलग चढून साधारण ८५ ते १०० च्या मध्ये कुठेतरी स्थिरावायला हवी. मध्येच कडा तुटल्यासारखी खाली गेली तर दोष विजेचा; पाणी एका क्षणात थंड होत नसतं. फक्त एक सावधगिरी: काही ईसीयू बिघाड कळल्यावर स्वतःच ठरवलेला आकडा दाखवतात. रेषा ८० वर खिळ्यासारखी ठोकलेली दिसली तर ते खरं तापमान समजू नका.

वळणवाट:
बघितलं. सकाळी हवा २६, कूलंट २७. नंतर छान ९१ पर्यंत चढलं. मग पंखा सुरू झाला आणि त्याच क्षणी आकडा -४०! थोड्या वेळाने परत ९०. सेन्सर काढून मल्टिमीटर लावला, तर खोलीत अडीच हजार ओहमच्या आसपास, आणि गरम पाण्यात धरल्यावर आकडा न अडखळता उतरत गेला.

मोकळीपिन:
म्हणजे सेन्सर निर्दोष दिसतोय. बहुतेक सेन्सर २० अंशाला दोन-अडीच हजार ओहम आणि ८० ला तीनशेच्या जवळपास दाखवतात, नेमके आकडे मॉडेलनुसार वेगळे. (इंजिन थंड असतानाच काढलात ना? गरम कूलंट दाबाखाली असतं, झाकण किंवा सेन्सर उघडला तर थेट अंगावर येतं.)

आता वायरिंग. सेन्सर दोन पिनांचा असेल तर कनेक्टर काढून त्याच्या दोन टोकांत बारीक वायरीचा तुकडा लावा आणि डोंगलवर बघा. आकडा उणे ४० वरून एकदम १३० किंवा त्याहून वर गेला पाहिजे. गेला तर वायरी ईसीयूपर्यंत शाबूत आहेत. मग तुकडा तसाच ठेवून वायर कनेक्टरच्या मानेपासून मागे हलवत जा. जिथे आकडा पडेल तिथे तुटलीये. टोकं फाकवू नका, नाहीतर नवीन ढिला जोड तयार कराल.

वळणवाट:
सापडली! कनेक्टरपासून चार बोटांवर. वरचं प्लास्टिक धड, आत तांब्याचे दोनच धागे उरलेत. पंख्याच्या थरथरीने तिथेच सुटत असणार. सोल्डर करू की क्रिंप (धातूची नळी दाबून जोड)?

दुपारचाचहा:
क्रिंप करा, वरून आत गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवा. सोल्डरने वायर ताठ होते आणि थरथरीत त्याच्या कडेलाच पुन्हा तुटते. वायर ताणून जोडू नका, तुकडा घालून लांबी वाढवा. सेन्सर बसवताना नवं वॉशर किंवा ओ-रिंग घ्या आणि कूलंट भरून हवा काढा. सेन्सरच्या टोकाशी बुडबुडा अडकला तर परत खोटंच तापमान दिसेल.

टॉपगिअर_नाना:
बरं, थर्मोस्टॅट राहू दे तर मग.