सर्पदंशाची लसही प्रथिनाचंच औषध आहे

वर कोणीतरी लिहिलंय की प्रथिनांची औषधं म्हणजे शहरातली महागडी कॅन्सरची इंजेक्शनं, त्यांच्या संशोधनावर सरकारनं पैसा कशाला घालावा. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला. सोयाबीन सोंगताना परड (घोणस) चावली की जीव वाचवते ती सर्पदंशाची लस, आणि ती प्रथिनच आहे. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्यं, म्हणजे विष निकामी करणारी प्रथिनं.

माझ्या काकाला चावली तेव्हा डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं टेबलावर ठेवलं. मग नळी तिरपी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, म्हणजे विषामुळं ते गोठतच नव्हतं. लसीच्या दहा कुप्या लावल्या. थोड्या वेळानं काका थंडी भरल्यासारखे कापायला लागले. ही लस काहींना अशी बाधते. वाचले, पण ती रात्र मी विसरलो नाही.

घोड्यापासून लस बनवायची ही पद्धत 1890च्या दशकातली. लसीसाठीचं बरंचसं विष तमिळनाडूतल्या साप पकडणाऱ्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, म्हणून तिकडच्या विषाची लस इकडे कमी पडू शकते! 2024 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेसोबत नाग-मण्यारच्या विषातल्या एका घटकावर मानवी प्रतिद्रव्य घडवलं, उंदरांवर ते चाललं. परडीच्या विषावर मात्र त्याचा उपयोग नाही. इथं गिऱ्हाईक शेतमजूर आहे, कंपनी कशाला वर्षानुवर्षं खपेल? 2017च्या राष्ट्रीय बायोफार्मा मिशनसाठी (अशा जैविक औषधांच्या विकासाची सरकारी योजना) 25 कोटी डॉलर ठरले, निम्मे जागतिक बँकेचे. तसा पैसा परडीच्या विषावरच्या औषधाकडे वळवा, आणि विषाचे नमुने आमच्या शिवारातून घ्या.