शब्दचर्चा : 'टॅरिफ रेट कोटा' म्हणजे आयातीची कमाल मर्यादा का?

प्रश्न : व्यापार करार आणि दुग्धजन्य पदार्थांची निर्यात यावरचा लेख मराठीत आणते आहे. 'टॅरिफ रेट कोटा' सतत येतो. 'आयात मर्यादा' लिहिलं तर चालेल?

प्रतिसाद : नको, अर्थ बिघडेल. मर्यादा म्हटलं की त्यापुढे माल येतच नाही असं वाटतं. इथे माल येऊ शकतो, शुल्क बदलतं. ठरलेल्या टनांपर्यंत शून्य किंवा अगदी कमी, पुढे पूर्ण. कॅनडात कोट्याबाहेरच्या चीजवर साधारण २४५ टक्के आणि लोण्यावर २९८ टक्के शुल्क आहे. एवढं भरून लोणी परवडतं कुणाला? म्हणून व्यवहारात ती मर्यादाच ठरते, पण कायद्यात नाही. मी 'सवलत-शुल्क कोटा' लिहितो.

प्रतिसाद : हा शब्द पटला. मात्र 'कोटा मिळाला' आणि 'कोटा भरला' यांची गल्लत होऊ देऊ नका, निर्यातदाराचं सगळं गणित तिथेच आहे. सीपीटीपीपी या कॅनडा, न्यूझीलंड, जपान आदी देशांमधल्या व्यापार करारात कॅनडाने दुग्धजन्य पदार्थांचे कोटे दिले, पण आयातीचे परवाने बहुतांशी आपल्याच दूध प्रक्रिया कंपन्यांसाठी राखून ठेवले. ज्या मालाशी स्पर्धा, तोच माल या कंपन्या हौसेने कशाला मागवतील? कोटे रिकामे राहिले. न्यूझीलंडने तक्रार केली, २०२३ मध्ये लवादाने मुख्य मुद्द्यावर त्यांची बाजू उचलून धरली आणि २०२४ मध्ये तडजोड झाली. करारातले टन बघून 'निर्यात वाढली' असं लिहिणं म्हणूनच चूक.

प्रश्न : आणि 'सेफगार्ड'? 'संरक्षक शुल्क'?

प्रतिसाद : चालेल, पण ते कधी लागतं हे पहिल्यांदा वापराल तिथे सांगा. न्यूझीलंड-चीन करारात दरवर्षी ठरावीक टनांनंतर सवलत आपोआप थांबायची आणि नेहमीचं शुल्क लागायचं. दूध पावडरीचा टप्पा जानेवारीतच ओलांडला जाई, त्यामुळे माल वर्षाच्या सुरुवातीलाच चिनी बंदरात उतरवण्याची निर्यातदारांची धडपड असे. करार २००८ मध्ये लागू झाला, पावडरीवरचं हे बंधन १ जानेवारी २०२४ रोजी सुटलं. तेव्हा 'करारामुळे शुल्क रद्द झालं' हे वाक्य कुठे आलं असेल तर 'टप्प्याटप्प्याने' घाला, आणि शेवटच्या टप्प्याचं वर्षही द्या.