प्रति: शेवट माहीत असताना रोमान्स का वाचायचा?

शेवट आधीच ठाऊक असतो, मग वाचायचं कशाला, असं वर विचारलंय. पण शेवट गोड होणार हे या प्रकारात गृहीतच असतं. ओढ असते ती दोघं तिथवर कशी पोचतात याची. मला ‘एनिमीज टू लव्हर्स’, म्हणजे आधी वैर मग प्रेम, हा साचा सर्वांत प्रिय, कारण भांडताना माणसं एकमेकांना नीट निरखतात. इंग्रजी लेखिका जेन ऑस्टेनने १८१३ साली ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ कादंबरीतल्या डार्सी-एलिझाबेथच्या जोडीत हेच रंगवलं. ‘फेक डेटिंग’, म्हणजे प्रेमात असल्याचं नाटक, तर आमच्या गोव्यात घडायलाच हवं! म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोघं एकत्र दिसली की घरोघरी चौकशा सुरू. ते नाटक निभावता निभावता खरोखरच जीव जडणं मला अगदी पटतं. एका फोनने मिटणारा गैरसमज पानंच्या पानं ताणलेला मात्र सोसत नाही.