उन्हाळी पियानो कॅम्प: लेसनला कोणता पीस न्यायचा, कॉन्सर्टला कोणता?

निषाद८८:
नमस्कार मंडळी. या उन्हाळ्यात पहिल्यांदाच मोठ्या माणसांच्या निवासी पियानो कॅम्पला चाललेय, आठवडाभराचा आहे, आणि प्रवेश पक्का झाल्याचा मेल आल्यापासून दुसरं काही सुचतच नाहीये. रोज एक वैयक्तिक लेसन, मास्टरक्लास (सगळ्यांसमोर एकेकाला शिकवणं), दुपारी आपापली प्रॅक्टिस, संध्याकाळी शिकवणाऱ्यांचं वादन आणि शेवटच्या दिवशी आम्हा सगळ्यांचा कॉन्सर्ट असा एकूण बेत आहे. नोकरी सांभाळून रात्री हेडफोन लावून वाजवणाऱ्या माणसाला अख्खा आठवडा फक्त पियानो म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको!

आता मुद्दा. सध्या माझ्याकडे तीन गोष्टी आहेत. शूमानच्या 'किंडरझेनन' या छोट्या पीसेसच्या संचातला पहिला पीस छान बसलाय आणि पाठ आहे. बाखचं सी मेजरमधलं दोन आवाजांचं इन्व्हेन्शन बऱ्यापैकी जमतं. आणि ब्राम्सचं ऑप. (ओपस, म्हणजे रचनेचा क्रमांक) ११८ मधलं दुसरं इंटरमेझो, ए मेजरमधलं, ते सुरू केलंय, सुरुवातीचा भाग येतो पण मधला एफ शार्प मायनरचा भाग हातात येत नाही. लेसनला काय नेऊ आणि कॉन्सर्टला काय वाजवू? घरी डिजिटल आहे आणि तिथे सगळीकडे ग्रँड पियानो असणार, त्याची काही तयारी करता येते का? शिवाय नोंदणीच्या फॉर्मवर ड्युएटमध्ये (दोघांनी मिळून वाजवण्यात) रस आहे का असं विचारलंय, तिथे काय लिहू तेही सांगा.

मंद्र_सप्तक:
अरे वा, मस्त! मी बरेच उन्हाळे अशा कॅम्पना जातोय त्यामुळे ठामपणे सांगतो, लेसनला ब्राम्स आणि कॉन्सर्टला शूमान, यात अजिबात गल्लत करू नका. बरेच जण उलटं करतात, लेसनला चांगला बसलेला पीस नेतात कारण नव्या शिक्षकांसमोर नीट वाजावं असं वाटतं, आणि मग ते बिचारे "छान, इथे थोडं हळू घ्या" याच्यापलीकडे काय सांगणार? जिथे अडलंय तेच त्यांच्यासमोर ठेवायचं. तुम्ही जो मधला भाग म्हणताय तिथे डाव्या हातात ट्रिपलेट (एका मात्रेत तीन स्वर) आणि उजव्या हातात साधे दोन-दोन असं दोनास तीन चालतं, आणि वर ती सुरावट गायलाही हवी, हे एकट्यानं घरी सोडवणं खरंच अवघड आहे आणि समोर बसलेला शिक्षक पहिल्या लेसनमध्येच मनगट कुठे आवळतंय ते दाखवून देतो.

एक काम आत्तापासून करा, प्रतीवर प्रत्येक बारला नंबर टाका आणि नेमके कुठल्या बारपासून कुठल्या बारपर्यंत अडतंय ते आणि तिथे बोटं कुठली घेताय ते लिहून ठेवा, लेसनचा वेळ भुर्रकन जातो. आणि शिक्षकांसाठी दुसरी प्रत न्या.

जाता जाता, तुमची यादी फार सुंदर जुळलीय. 'किंडरझेनन' शूमाननं १८३८ मध्ये लिहिलं, तेव्हा क्लाराशी लग्न व्हायचं होतं, आणि ब्राम्सनं १८९३ मध्ये छापून आलेलं ऑप. ११८ अर्पण केलंय ते त्याच क्लाराला. दोन्ही पीस एका आठवड्यात हाताखाली असणं ही मोठी चैन आहे.

पेडलप्रेमी:
डिजिटल ते ग्रँड यावर मी लिहितो, माझाही प्रवास तसाच झालाय. चांगल्या डिजिटलवर पट्ट्यांचं वजन बरंच जवळ जातं, खरा फरक आवाजात आणि पेडलमध्ये पडतो. ग्रँडवर उजवं पेडल दाबलं की सगळ्या तारा मोकळ्या होतात आणि न वाजवलेल्या तारासुद्धा गुणगुणायला लागतात, त्यामुळे घरी जे पेडल स्वच्छ वाटतं ते तिथे गढूळ ऐकू येतं. अर्धं पेडल, पाव पेडल, म्हणजे पेडल थोडंसंच दाबणं, हे तिथे पायाला शिकवावं लागतं. ब्राम्समध्ये हे फार महत्त्वाचं आहे कारण त्याचं डाव्या हाताचं लिखाण खालच्या पट्ट्यांत दाट असतं.

डाव्या पेडलचंही तसंच. ग्रँडवर ते दाबलं की सगळा कीबोर्ड किंचित उजवीकडे सरकतो आणि बहुतेक स्वरांना असलेल्या तीन तारांपैकी हातोडा दोनवरच पडतो, म्हणजे नुसता आवाज कमी होत नाही तर आवाजाचा रंगच बदलतो. अपराइटमध्ये (उभ्या पियानोत) हातोडे फक्त तारांच्या जवळ येतात. आणि अजून एक, ग्रँडमध्ये पट्टी पूर्ण वर यायच्या आत तोच स्वर पुन्हा वाजवता येतो, एरार या पियानो बनवणाऱ्यानं १८२१ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रणेची ही देणगी, त्यामुळे पट्टीला चिकटून हळुवार एकच स्वर परत परत वाजवणं तिथे जमतं. हे पहिल्यांदा बोटांना कळतं तेव्हा जो आनंद होतो ना, त्यासाठीच मी दरवर्षी वाट बघतो!

तयारी म्हणाल तर आत्तापासून हेडफोन काढून स्पीकरवर वाजवा, कारण हेडफोनमध्ये आवाज थेट कानात येतो आणि खोलीकडे ऐकायची सवयच लागत नाही. आणि पहिल्या दिवशी पोचलात की पीस वाजवायच्या आधी बाकाची उंची लावून घ्या, मग एकेक स्वर जितका हळू वाजेल तितका वाजवून बघा, कुठल्या दाबाला आवाज येतच नाही ते कळतं. प्रॅक्टिसच्या खोल्या बदलत राहा, प्रत्येक पियानो वेगळा असतो आणि कॉन्सर्टचा तर आणखीनच वेगळा.

जोडीनं_वाजवू:
ड्युएटला हो लिहा, हो लिहा, हो लिहा! पियानोवाल्यांचं आयुष्य एकट्याचं असतं, व्हायोलिनवाल्यांना ऑर्केस्ट्रा तरी मिळतो. एका बाकावर दोघं बसून चार हातांनी वाजवताना जो श्वास एकत्र घ्यावा लागतो तो दुसरीकडे शिकायलाच मिळत नाही. आणि हे साहित्य अफाट आहे, श्यूबर्टची १८२८ मधली एफ मायनर फँटसी, ड्वोरझाकचे स्लाव्होनिक डान्सेस, फोरेचा डॉली सुइट. पातळीचीही काळजी नको, डियाबेलीचे ऑप. १४९ हे छोटे ड्युएट आहेत त्यात वरच्या माणसाला एका जागी हात ठेवून पाचच स्वरांत वाजवायचं असतं आणि सगळं कठीण काम खालच्याकडे, तरी एकत्र ऐकायला गोड लागतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पेडल बहुधा खालचे सूर वाजवणाऱ्याकडे असतं, आधी ठरवून घ्या नाहीतर दोन पाय एका पेडलवर येतात. आणि चुकलं तर थांबायचं नाही, मागे जाऊन दुरुस्त तर अजिबात करायचं नाही, पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेला जाऊन मिळायचं. त्यासाठी रोज थोडं साइट रीडिंग (नवी प्रत पाहून लगेच वाजवणं) करा, अगदी सोपं घ्या पण लय न मोडता.

कोमल_धैवत:
मीही यंदा पहिल्यांदा जातेय, दुसऱ्या एका कॅम्पला. ब्राम्स वगैरे वाचून जरा धडकी भरली, मी अजून सोप्या सोनाटिनातच (छोट्या सोनाटांतच) आहे आणि पन्नाशी उलटलीय. माझ्यासारख्यांना तिथे अवघडल्यासारखं होतं का?

मंद्र_सप्तक:
@कोमल_धैवत, नाही होत. मोठ्यांच्या कॅम्पला सगळ्या पातळ्यांचे लोक येतात, सोनाटिनावाले भरपूर असतात, आणि सगळ्यात मन लावून ऐकणारे श्रोतेही तेच, कारण तो पीस मुळात बसवायला किती कष्ट पडतात ते तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं. पन्नाशीचं म्हणाल तर टेक्ससमधल्या फोर्ट वर्थला क्लायबर्न या पियानो स्पर्धा घेणाऱ्या संस्थेनं १९९९ पासून हौशी पियानोवादकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली, तिथे वयाची अट आहे ती ३५ किंवा त्याहून जास्त असण्याची! डॉक्टर, वकील, इंजिनिअर येऊन वाजवतात. क्लेमेंटीची सोनाटिना स्वच्छ, लयीत आणि फ्रेज (सुरांचं वाक्य) संपताना हात हलका सोडून वाजवणं ही मोठी गोष्ट आहे, ती बिनधास्त न्या.

संथ_लय:
कॉन्सर्टच्या तयारीवर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. निषाद, शूमान पाठ असला तरी प्रत सोबत न्या. पाठ वाजवायची प्रथाच मुळी एकोणिसाव्या शतकात क्लारा शूमान, लिस्ट यांच्यामुळे रुजली आणि स्वियातोस्लाव रिख्टरसारखा थोर पियानोवादक उतारवयात जाहीर कार्यक्रमांत सरळ प्रत समोर ठेवून वाजवायचा, तेव्हा त्यात कमीपणा काही नाही. पाठच वाजवणार असाल तर पीसमध्ये चार-पाच ठिकाणं ठरवा जिथून केव्हाही सुरू करता येईल, आणि रोज उलट्या क्रमानं, म्हणजे शेवटच्या ठिकाणापासून मागे येत, तिथून वाजवून बघा. नुसत्या बोटांच्या सवयीवर पाठ असलेलं स्टेजवर पहिल्यांदा निसटतं.

बसल्याबसल्या लगेच सुरू करू नका, स्टेजवर छाती धडधडत असते आणि लय आपोआप वाढते, म्हणून सगळ्यात अवघड बार मनात वाजवून त्याच्यावरून लय ठरवा. हात थंड पडतात, आधी कोमट पाण्यात धरा. आणि जायच्या आधी दोन-तीन माणसांसमोर एकदाच, न थांबता वाजवा, कुणी नसेल तर मोबाईलवर रेकॉर्ड करा, लाल दिवा लागला की बरंच तसंच होतं.

शेवटचं आणि हे मनापासून सांगते, तिथे उत्साहात घरच्यापेक्षा कितीतरी जास्त तास वाजवलं जातं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोपरापासून हात भरून येतात. दर अर्ध्या तासानं उठा, आणि दुखलं तर थांबायचंच, दुखणं दाबून वाजवायचं नाही. तो वेळ मास्टरक्लासमध्ये दुसऱ्यांचं ऐकण्यात घालवा, तिथे खूप मिळतं.

निषाद८८:
सगळ्यांचे मनापासून आभार, किती भरभरून लिहिलंत! ड्युएटला हो लिहून फॉर्म पाठवला. ब्राम्सवर बारचे नंबर टाकून झालेत, कॉन्सर्टला शूमान प्रत समोर ठेवून. @पेडलप्रेमी, आज स्पीकरवर वाजवलं आणि डावा हात किती जड पडतोय ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं. @कोमल_धैवत, तुमचा कॅम्प कधी आहे? माझ्या आधी असेल तर आल्यावर इथे नक्की लिहा, आणि सोनाटिना कुठली नेताय तेही सांगा.

कोमल_धैवत:
तुमच्या आधीच असावा, उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच आहे. क्लेमेंटीची ऑप. ३६ मधली तिसरी नेतेय, तिन्ही मूव्हमेंट. नक्की लिहीन.