वार्षिक सभेचा सातवा विषय: व्यायामशाळा आणि महापालिकेचा तलाव

सचिव:
सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपूर्वी घ्यावयाची असल्याने विषयपत्रिका या आठवड्यात निघेल. सातवा विषय असा आहे, की स्टिल्टमधील, म्हणजे इमारतीखाली खांबांमध्ये मोकळ्या ठेवलेल्या वाहनतळातील, मागची जागा बंदिस्त करून तेथे व्यायामशाळा करावी आणि गच्चीवर मुलांसाठी जाळी लावून बॉक्स क्रिकेटची सोय करावी. आलेल्या दोन दरपत्रकांपैकी कमी रकमेचे दरपत्रक 14 लाख रुपयांचे आहे. 28 सदनिकांत ते सारखे विभागले तर प्रत्येकी 50,000 रुपये होतात. वीज, यंत्रांची देखभाल आणि प्रशिक्षकाचे मानधन यांचा खर्च त्यात धरलेला नाही. ही रक्कम सिंकिंग फंडातून, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी दरसाल साठवलेल्या राखीव निधीतून, घ्यावी, अशी सूचना दोघांनी केली आहे. सभेत वेळ अपुरा पडतो, म्हणून प्रत्येकाने आपले मत येथे सविस्तर मांडावे, ही विनंती.

सदनिका 701:
सचिवसाहेब, प्रस्ताव माझाच असल्याने कारणही मीच सांगतो. मी रात्री साडेनऊला घरी पोहोचतो आणि सकाळी साडेसातला निघतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला खेळायला खाली पाठवले तर गाड्यांची ये-जा असते. मागच्या वर्षी एका खासगी टर्फवर त्याला क्रिकेटच्या वर्गाला घातले होते. वर्षभराचे पैसे आगाऊ घेऊन तो वर्ग चार महिन्यांत बंद झाला आणि उरलेले पैसे आजवर मिळालेले नाहीत. त्यामुळे आपल्याच इमारतीत, आपल्या डोळ्यांसमोर सोय असावी, असे मला मनापासून वाटते.

सदनिका 203:
सर्वांना सस्नेह नमस्कार. मला विरोध नोंदवायचा नाही, पण मत देण्याआधी सर्वांनी एक गोष्ट स्वतः पाहून यावी, एवढ्यासाठी हे थोडे विस्ताराने लिहीत आहे. आपल्या फाटकापासून दहा मिनिटे चालले की महात्मा गांधी स्मारक ऑलिंपिक जलतरण तलाव लागतो, आणि तेवढ्याच अंतरावर शिवाजी पार्कचे सुमारे 28 एकरांचे मैदान आहे. दोन्ही महापालिकेची, म्हणजे आपण मालमत्ता कर भरतो त्या शहराची आहेत. तरीही आपल्या 28 घरांपैकी तलावाचे सभासदत्व, माझ्या माहितीप्रमाणे, केवळ तीन घरांत आहे.

मी पोहायला शिकले ती वयाच्या एकावन्नाव्या वर्षी. गुडघ्यांमुळे जिना उतरणे अवघड झाले होते आणि डॉक्टरांनी पाण्यातील व्यायाम सुचवला होता, कारण छातीभर पाण्यात उभे राहिले की शरीराचा बहुतेक भार पाणी तोलून धरते आणि सांधे मोकळेपणाने हलू शकतात. पहिला आठवडा मी उथळ बाजूचा दांडा सोडलाच नाही. माझ्या शेजारी माहीमच्या बाजारात मासे विकणाऱ्या एक बाई असत. त्या माझ्यापेक्षा दोनच महिने आधी शिकू लागल्या होत्या. प्रशिक्षक सांगत तेव्हा जे मला कळत नव्हते, ते त्यांनी एका वाक्यात समजावले: श्वास पाण्याबाहेर घ्यायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा, कोंडून धरायचा नाही. मी श्वास कोंडून धरत होते, म्हणूनच अंग ताठ होत होते आणि पाय खाली जात होते. ज्या दिवशी पाण्यात बुडबुडे सोडत चेहरा बुडवता आला, त्या दिवशी दांडा सुटला. त्या बाईंची आणि माझी भेट एरवी कधी झालीच असती तर माशांच्या पाटीच्या दोन बाजूंना झाली असती. स्टिल्टमधील व्यायामशाळेत मला त्या भेटल्या नसत्या, आणि आपल्या रखवालदाराच्या मुलीलाही तेथे प्रवेश असणार नाही, हेही मतदानापूर्वी आपण ध्यानात घ्यावे.

आता मैदानाविषयी. महापालिकेने 1925 मध्ये ते लोकांसाठी खुले केले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. शिवाजी महाराजांच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, 1927 मध्ये, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने ते शिवाजी पार्क झाले. आपण त्याच्याकडे सभांचे आणि क्रिकेटचे मैदान म्हणून पाहतो. रमाकांत आचरेकर सरांनी येथेच सचिन तेंडुलकर यांना घडवले आणि डिसेंबर 2024 मध्ये येथेच सरांच्या स्मारकाचे अनावरण झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच मैदानावरील समर्थ व्यायाम मंदिरात कित्येक पिढ्या मल्लखांब शिकवला जातो, तेथील उदय देशपांडे सरांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली आणि मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा फेब्रुवारी 2019 मध्ये याच मातीवर झाली, हे आपल्या इमारतीतील किती मुलांना माहीत आहे? शहर जागा राखते, संस्था त्या जागेवर विद्या चालवतात, आणि मुले पाठवण्याचे काम आपले असते. तिसरा भाग आपण सोडला तर पहिले दोन टिकवणे कठीण होते. 2010 मध्ये उच्च न्यायालयाने हे मैदान शांतता क्षेत्र ठरवले, तेही रहिवाशांनी पाठपुरावा केला म्हणूनच. खेळाव्यतिरिक्त इतर कार्यक्रमांसाठी वर्षात किती दिवस मैदान द्यायचे याला आज मर्यादा आहे, ती आपोआप आलेली नाही.

सदनिका 502:
काकू, तुमचे लिहिणे मनाला भिडले, तरी एक भीती स्पष्ट विचारते. ऑक्टोबर 2023 मध्ये याच तलावात मगरीचे पिल्लू सापडल्याची बातमी आपण सर्वांनी वाचली होती. शिवाय इतके लोक उतरतात त्या पाण्याची स्वच्छता कशी राखली जाते? माझी मुलगी सहा वर्षांची आहे, म्हणून विचारते.

सदनिका 203:
वहिनी, तुम्ही विचारलेत हे योग्यच केलेत. ते पिल्लू पहाटे, लोक पाण्यात उतरण्यापूर्वी, कर्मचाऱ्यांच्या रोजच्या पाहणीत दिसले होते आणि पकडून वन विभागाकडे सोपवण्यात आले. कोणालाही इजा झाली नव्हती. पाहणी रोज होते म्हणूनच ते वेळेत दिसले, असे मी मानते.

पाण्याविषयी मला जे ठाऊक आहे ते सांगते. तलावाचे पाणी रोज बदलत नाहीत. ते पंपाने खेचून गाळणीतून पुन्हा पुन्हा फिरवतात आणि त्यात क्लोरीनची ठरावीक मात्रा राखतात. पाण्याचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल किंवा अल्क आहे याचे माप, साधारण 7.2 ते 7.8 यांच्या दरम्यान असला तर क्लोरीन नीट काम करते आणि डोळ्यांनाही त्रास कमी होतो; तो वर गेला की तेवढेच क्लोरीन निष्प्रभ ठरू लागते. डोळे चुरचुरण्याचे आणि उग्र वासाचे कारण बहुतेक वेळा जास्त झालेले क्लोरीन नसते. घाम, तेल आणि लघवी यांच्याशी संयोग होऊन त्याची जी संयुगे बनतात, त्यांचा तो वास असतो. म्हणूनच उतरण्याआधी साबणाने स्वच्छ अंघोळ करणे हा स्वच्छतेचा सर्वांत मोठा भाग आहे आणि तो आपल्या हातात आहे. तुम्ही एकदा दुपारी जाऊन पाहा: खोल बाजूचा तळ आणि त्यावरच्या रेषा काठावरून स्पष्ट दिसत असतील तर पाणी चांगले आहे. तळ धूसर दिसला तर त्या दिवशी मुलीला उतरवू नये. हा नियम कोणत्याही तलावाला लागू आहे, खासगी क्लबच्याही.

खजिनदार:
निधीविषयी माझे मत नोंदवतो, कारण त्याबाबत गैरसमज दिसतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड हा बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान 0.25 टक्के या दराने जमा होतो, आणि त्याचा विनियोग इमारतीची पुनर्बांधणी, संरचनात्मक बदल किंवा वास्तुविशारदाने आवश्यक ठरवलेल्या मोठ्या दुरुस्त्या यांसाठी सर्वसाधारण सभेच्या ठरावाने करायचा असतो. ट्रेडमिल त्यात बसत नाही. दुरुस्ती निधीही त्यासाठी नाही. म्हणजे हे 50,000 रुपये प्रत्येक घराने वेगळे द्यावे लागतील, आणि आपल्यात निवृत्तिवेतनावर जगणारी किमान सहा घरे आहेत. दुसरे असे, की मंजूर नकाशात स्टिल्ट हा वाहनतळ म्हणून दाखवलेला आहे. तो भिंती घालून बंदिस्त करायचा तर आधी परवानगी हवी. तिच्याशिवाय केलेले बांधकाम उद्या पाडावे लागले तर पैसे परत येणार नाहीत.

एक मुद्दा तत्त्वाचाही आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची आली, तिच्यात उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांची सोय हे नागरी संस्थांकडे सोपवायच्या कामांमध्ये लिहिलेले आहे. केंद्राच्या 2014 च्या नगररचना मार्गदर्शक तत्त्वांत माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे, आणि मुंबई त्याच्या जवळपासही नाही. ज्या शहरात मोकळी जागा इतकी अपुरी आहे, त्यात असा तलाव आणि असे मैदान चालत जाण्याच्या अंतरावर असलेले लोक थोडे आहेत. आपण त्यांच्यापैकी आहोत.

सदनिका 402 (आईच्या भ्रमणध्वनीवरून):
मी नववीत आहे आणि शाळेच्या खो-खो संघात खेळते. सर्व मोठ्यांची क्षमा मागून एवढेच सांगते, की मला ट्रेडमिल नको आहे. खो-खोला दोन खांब आणि 27 मीटर लांब व 16 मीटर रुंद जागा लागते, आणि ती आपल्या गच्चीवर होऊ शकत नाही. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला तेव्हा भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे होते. आमच्या बाई म्हणतात, की मुली आठवीनंतर खेळ सोडतात, कारण संध्याकाळी मैदानावर सोबत कोणी नसते. आपल्या इमारतीतून आम्ही चार मुली जाऊ शकतो; फक्त साडेसात वाजता परत आणायला कोणी मोठे माणूस आले तर बरे होईल.

सदनिका 104:
बाळ, सोमवार, बुधवार आणि शुक्रवार मी येईन. मी रोज त्या वेळी पार्कच्या कट्ट्यावर बसलेलाच असतो. चार मुलींबरोबर चालत परत येण्यात मला आनंदच आहे. मंगळवार आणि गुरुवारची जबाबदारी दुसऱ्या कोणी घ्यावी.

सदनिका 502:
मंगळवार माझा.

सदनिका 701:
सर्वांचे म्हणणे मी शांतपणे वाचले. सिंकिंग फंडाविषयी माझा समज चुकीचा होता, हे मान्य करतो. परवानगीचा मुद्दाही मी विचारात घेतला नव्हता. तरी माझी मूळ अडचण सुटलेली नाही, हे नम्रपणे सांगतो. तलाव सकाळी सहाला उघडत असला तरी नोंदणी ऑनलाइन असते आणि सोयीच्या वेळा लवकर भरतात. मी गेल्या वर्षी प्रयत्न केला तेव्हा सकाळच्या पहिल्या सत्रात जागा नव्हती. ज्यांना कामामुळे सत्रे जमत नाहीत, त्यांनी काय करावे?

सदनिका 203:
दादा, तुमची अडचण खरी आहे आणि तिचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. सत्रांची वेळ आणि संख्या वाढवावी, ही मागणी एकट्याने केली तर ती एक तक्रार ठरते. 28 घरांनी आणि आजूबाजूच्या इमारतींनी स्वाक्षऱ्यांसह महापालिकेच्या विभाग कार्यालयाला लिहिली तर ती गरज म्हणून नोंदली जाते. मात्र ती मागणी वापरणाऱ्यांनी करावी लागते. सभासद नसलेल्या इमारतीने सत्रे वाढवून मागितली तर तिला वजन येत नाही.

मुलाच्या बाबतीत मात्र वाट सोपी आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत महापालिकेच्या तलावांवर 21 दिवसांचे प्रशिक्षण वर्ग होतात. नोंदणी सुरू झाल्याची बातमी येताच त्याच दिवशी अर्ज करावा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. त्याआधी वैद्यकीय प्रमाणपत्र आणि छायाचित्रे तयार ठेवावीत, कारण बहुतेकांचा वेळ त्यातच जातो. लहान मुले, महिला, ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांग यांना शुल्कात सवलत असते. 21 दिवसांत मूल उत्तम पोहणारे होत नाही, परंतु पाण्यात तरंगणे, श्वास सोडणे आणि काठापर्यंत येणे एवढे बहुतेक मुलांना साधते, आणि समुद्राच्या काठी राहणाऱ्या मुलाला ते यायलाच हवे. वर्षभरासाठी म्हणाल, तर त्याला मल्लखांबाकडे एकदा नेऊन पाहा. नऊ हे त्यासाठी चांगले वय आहे. शरीर लवचीक असते आणि भीती अजून रुजलेली नसते.

सचिव:
चर्चेचा विचार करून मी सातवा विषय असा बदलत आहे. व्यायामशाळेचा प्रस्ताव परवानगीची चौकशी होईपर्यंत स्थगित राहील. त्याऐवजी सभेपुढे दोन गोष्टी येतील: तलावाची सत्रे वाढवण्याविषयीचे निवेदन, ज्याचा मसुदा खजिनदार करतील आणि सदनिका 701 त्यात नोकरदारांच्या वेळा नमूद करतील, आणि मुलांना मैदानावर नेण्या-आणण्याचे साप्ताहिक वेळापत्रक, ज्यात गुरुवार अद्याप रिकामा आहे. तळमजल्याच्या प्रवेशकक्षात टेबल टेनिसचे घडीचे टेबल ठेवण्याची सूचना मला काहींनी स्वतंत्रपणे कळवली आहे. त्याला ना बांधकाम लागते ना परवानगी, त्यामुळे तीही मतास ठेवू.

सदनिका 701:
सहमत आहे. गुरुवारी मी घरून काम करतो. मुलींना आणायला मी येईन आणि मुलालाही बरोबर आणीन.

सदनिका 203:
ज्यांना तलाव पाहायचा आहे, त्यांनी शनिवारी सकाळी पावणेसहाला फाटकाशी यावे. आत सोडतील की नाही हे मी शुक्रवारी कार्यालयात विचारून येथे कळवते. वहिनी, मुलीला आणा, पण उतरवण्याची घाई नको. तिला काठावर बसून पाय पाण्यात सोडू द्या.