रात्री कुंची घालून झोपवायचं का? (मुलगी पावणेतीन महिने, पाषाण)

पाषाणची_नवी_आई

बाळंतपणासाठी माहेरी आहे. घरात आई आणि माझी ८२ वर्षांची आजी. डिसेंबर लागल्यापासून आजीने लेकीच्या झोपेचा ताबा घेतलाय. लंगोट, झबलं, त्यावर लोकरीचं स्वेटर, हातमोजे, पायमोजे, टोपडं, टोपड्यावर खणाची कुंची, मग दुपट्यात गच्च बांधायचं आणि वरून गोधडी. एवढ्यात मूल कुठे आहे ते शोधावं लागतं.

परवा रात्री दोनला पाजायला उठले तर कुंची घसरून तिची कड नाकावर आली होती आणि बंद हनुवटीखाली रुतला होता. टोपडं काढलं तर जावळ भिजून कपाळाला चिकटलेलं. पण हातमोजा काढून बघितला तर हात गार! आई म्हणते, बघ, हात गार आहेत, थंडी वाजतेय तिला. आजी म्हणते, पेपरात शिवाजीनगरचं तापमान देतात, आपल्या पाषाणला त्याहून गारठा असतो. ते खरंही आहे. कुंची आजीने स्वतःच्या हाताने शिवलीय, त्यामुळे नको म्हणताना माझाच जीव वरखाली होतो. तुम्ही काय करता?

धायरीची_दोन_पोरांची

माझा थोरला असाच गाठोड्यात वाढला. ऐन जानेवारीत मानेपासून पाठभर घामोळं! डॉक्टरांकडे नेला, तर त्यांनी तपासायच्या आधी त्याचं स्वेटर काढून माझ्या हातात दिलं, आणि मग विचारलं काय झालंय. धाकटीला नुसतं लांब बाह्यांचं सुती झबलं आणि पायजमा. जास्त शांत झोपायची.

सिस्टरआजी

मी नवजात बाळांच्या वॉर्डात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. जरा लांबण लागेल.

पहिलं म्हणजे हात-पाय बघून थंडी ठरवू नका. एवढ्या लहान बाळाचे तळवे एरवीही गार लागतात, रक्ताभिसरण अजून तिथवर नीट जमलेलं नसतं. आपला हात आधी एकमेकांवर चोळून ऊबदार करायचा आणि दोन बोटं बाळाच्या मानेमागे, झबल्याच्या आत घालायची. किंवा छातीवर. तिथे कोमट आणि कोरडं लागलं की झालं. ओलसर, चिकट, कढत लागलं तर एक कपडा कमी. तुमच्या लेकीचं जावळ भिजलं होतं म्हणजे तिला उकडत होतं, बाकी पंचायत करायची गरजच नाही.

टोपड्याचं सांगते, कारण यात दोष आम्हा सिस्टरांचाही आहे. जन्मल्या जन्मल्या बाळ ओलं असतं, डोकं अंगाच्या मानाने मोठं, तिथून ऊब झपाट्याने जाते, म्हणून आम्हीच टोपडं चढवतो. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी धरून कांगारू पद्धतीने ठेवतो तेव्हाही टोपडं असतंच. मग तशाच टोपड्यासकट घरी पाठवतो आणि ते काढायचं कधी, हे सांगायचं विसरतो! पूर्ण दिवसांचं, वजन नीट वाढणारं बाळ घरात झोपताना डोकं उघडंच हवं. बाळाला उकडलं तर ती उष्णता बरीचशी डोक्यावाटे बाहेर पडते, ती वाट बंद करायची नाही. झोपेत बाळं अचानक दगावतात त्यामागे जास्त गुंडाळणं हेही एक जोखमीचं कारण धरतात. शिवाय गळ्याशी बांधायचे बंद असलेलं, तोंडावर सरकणारं काहीही रात्री नको. गळ्यात काळा दोरा किंवा ताईत असेल तर तोही झोपवताना काढा. (दृष्ट कोणाची लागायची ती दिवसाच लागते असं आजीला सांगा.)

दुपट्यात बांधण्याबद्दल. छातीपाशी आपली बोटं सहज जातील इतकंच, आणि कमरेखाली पूर्ण सैल. पाय बेडकासारखे दुमडून फाकवता आले पाहिजेत, सरळ ताणून बांधले तर खुब्याच्या सांध्याला त्रास होतो. पण तुमची मुलगी पावणेतीन महिन्यांची आहे. ती कुशीवर वळायची खटपट करायला लागली की त्या दिवसापासून बांधणं बंद. हात अडकलेले असताना पालथी पडली तर तिला तोंड वळवता येणार नाही. मी तर आत्तापासूनच सोडवा म्हणेन.

झोपवायचं उताणंच, दुपारचीही झोप. अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणं झोपवा म्हणून मोठी मोहीम झाली, त्यानंतरच्या काही वर्षांत बाळांचे झोपेतले अचानक मृत्यू निम्म्यावर आले. एका साध्या सवयीने! गादी सपाट आणि घट्ट, मोहरीची उशी नको, अंगावर गोधडी नको. तीच गोधडी सकाळी जमिनीवर अंथरा आणि बाळ जागं असताना, आपण समोर बसून, थोडा वेळ पालथं घाला. कुंची बाहेर नेताना घाला, फोटो काढा.

आणि मोजे. एकदा एक बाळ दुपारपासून रडतंय म्हणून आणलं होतं. पोट बघितलं, कान बघितला, काही नाही. मोजा काढला तर पायाच्या करंगळीला आतला सुटा दोरा वेढे घालून बसलेला, बोट जांभळं. तेव्हापासून मी प्रत्येकीला सांगते, मोजा घालायच्या आधी उलटा करून आतून बघा. हातमोजे तर रात्री नकोतच, नखं कापा.

कोथरूडचा_बाबा

आमच्याकडे याच भांडणावर भिंतीवरच्या थर्मामीटरने तोडगा निघाला. बाहेर पहाटे ११ आणि खिडक्या लावलेल्या खोलीत २१! आपण बातमीतल्या आकड्याला कपडे घालतो, बाळ झोपतं खोलीत. सिस्टर, २१ला नक्की किती कपडे? आणि शेगडी ठेवली तर?

सिस्टरआजी

तुम्ही स्वतः पांघरुणाशिवाय जे घालून आरामात बसाल, त्याहून एक थर जास्त. २१ला आत बिनबाह्यांची सुती बंडी, वर लांब बाह्यांचं झबलं आणि पायजमा. पांघरूण हवंच वाटलं तर बिनटोपीची झोपायची पिशवी मिळते, ती घातली की गोधडी लागत नाही. तिच्या उबेचा आकडा टॉगमध्ये लिहिलेला असतो, २१ला १ टॉग पुरते. मोठी होईल म्हणून दोन साइझ पुढची घेऊ नका, बाळ गळ्यातून आत सरकतं.

कोळशाची शेगडी बंद खोलीत अजिबात नाही. धूर दिसला नाही तरी कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि त्याला वास नसतो. धुरीही नको.

पाषाणची_नवी_आई

काल रात्री आजीला काही बोललेच नाही. फक्त तिचा हात माझ्या हातात घेऊन चोळला आणि लेकीच्या मानेमागे ठेवला. अंगात बंडी, झबलं, पायजमा, बस. आजी बराच वेळ तशीच वाकून. मग म्हणाली, "अगंबाई, ही तर भाकरीसारखी ऊबदार आहे." कुंची स्वतःच घडी घालून कपाटात ठेवली. पहाटे पाचला मात्र गुपचूप येऊन पुन्हा मानेला हात लावून गेली, मी जागी होते!

आज सकाळपासून जुनं सुती लुगडं उसवून बसलीय. त्या पिशवीचा फोटो मोबाइलवर दाखवला तर म्हणाली, ह्याला एवढे पैसे? मी शिवते.

सिस्टरआजी

शिवू द्या की. गळा डोक्यापेक्षा लहान, बाही बगलेत बसती, बंद नाही, बटण नाही. खाली पाय मारायला जागा. चेन लावणार असतील तर आतून पट्टी लावायला सांगा, नाहीतर हनुवटीला टोचते.