वगळायची यादी क्वेरीत असावी की कोडमध्ये?

खानापूरकर: एका पतसंस्थेच्या सभासदांना वार्षिक सभेची सूचना पाठवणारी प्रणाली मी सांभाळतो. सभासदत्व रद्द झालेले दोन-तीनशे क्रमांक त्यातून वगळावे लागतात. डेटाबेसमधून सगळ्या ओळी आणून नको त्या कोडमध्येच गाळाव्यात, क्वेरीत, म्हणजे डेटाबेसकडे केलेल्या मागणीत, गाळू नयेत, असे माझे मत आहे. गेल्या वर्षी क्वेरीत ‘नॉट इन’, म्हणजे ‘या यादीत नसलेल्याच ओळी दे’ ही अट, वापरले होते. वगळायच्या कोष्टकात कोणीतरी एक क्रमांक रिकामा सोडला आणि सूचना एकालाही गेली नाही. त्रुटीचा संदेशही आला नाही.

निपाणीकर: हा रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा प्रकार झाला. रिकाम्या मूल्याला डेटाबेस ‘नल’ म्हणतो. नलशी केलेल्या तुलनेचे उत्तर ‘खरे’ किंवा ‘खोटे’ नसते, ‘अज्ञात’ असते. म्हणून यादीत एक जरी नल असला तरी ‘नॉट इन’ची अट कोणत्याच ओळीला खरी ठरत नाही. त्याऐवजी वापरता येणारी ‘नॉट एक्झिस्ट्स’ ही अट फक्त जुळणारी ओळ आहे का एवढेच पाहते, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. उलट कोडमध्ये गाळल्यास, डेटाबेसने पानासाठी दिलेल्या २० ओळींतल्या सात गळाल्या की पडद्यावर १३ उरतात आणि यादी संपली असे कारकुनाला वाटते.

चिकोडीकर: यादी बाहेरच्या फाइलमधून येत असेल तर? ओरॅकल या डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्या क्वेरीत लिहिलेल्या अशा यादीत १००० पेक्षा जास्त मूल्ये घेत नाहीत, आणि एसक्यूएल सर्व्हर हा दुसरा डेटाबेस एका विनंतीत जास्तीत जास्त २१०० पॅरामीटर, म्हणजे क्वेरीला बाहेरून दिलेली मूल्ये, घेतो.

निपाणीकर: मग यादी तात्पुरत्या कोष्टकात भरावी. मूल्ये जोडून क्वेरीचा मजकूर लांबवत नेणे मलाही पसंत नाही.

खानापूरकर: गावाच्या नावांचे काय? १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. आमच्या नोंदींत बेळगाव, बेळगावी आणि बेलगाम अशी तिन्ही रूपे आहेत. शहरातल्या सभासदांना सूचना हातोहात दिली जाते म्हणून ते वगळायचे, तर एकच रूप लिहून भागत नाही. कोडमध्ये मी तिन्ही एकत्र करतो.

निपाणीकर: ते नोंद करतानाच व्हायला हवे. शिवाय तुमच्या उदाहरणातच एक मेख आहे: यादी निर्दोष असली तरी ज्याच्या गावाचा रकाना नल आहे तो सभासद ‘नॉट इन’मध्ये गळतो, आणि तुमच्या कोडमध्ये मात्र टिकतो.

खानापूरकर: आत्ताच पडताळून पाहिले; तसे नऊ सभासद आहेत. कोडमुळे त्यांना सूचना मिळाली, हा मी माझ्याच बाजूचा मुद्दा मानतो.

निपाणीकर: मिळाली ती योगायोगाने. त्यांच्यातला एखादा शहरातलाही असेल. त्यांना पाठवायचेच असेल तर ‘किंवा गाव नल असेल’ ही अट क्वेरीत उघडपणे लिहा, म्हणजे पुढे प्रणाली सांभाळणाऱ्याला तो निर्णय वाचता येईल.